पेशींचे जन्ममृत्यू मोजणाऱ्यांचे स्वागत

वॉर्डातली राउंड आटोपून आलेले डॉक्टर, दूरदूरच्या विद्यापीठांतून आलेले गणिती आणि विद्यार्थी मित्रहो,

स्वागत समितीच्या वतीने मुंबईत आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत.

मी पॅथॉलॉजिस्ट. चाळीस वर्षे मी काचपट्टीवर गाठींचे काप पाहिले. तिथे पेशी थिजलेली दिसते. मागच्या वीस वर्षांत ती इथवर कशी आली, हे काही कळत नाही. त्या प्रवासाला गणित लागते, हे मला सुरेश मुळगावकर यांच्या कामामुळे उमगले. ते मुंबई विद्यापीठाचे एम.बी.बी.एस. पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात त्यांनी पीएच.डी. केली, ती गणितात. डॉक्टरकी हाताशी असताना पुन्हा पहिल्या बाकावर जाऊन बसायचे, याला केवढी ओढ लागत असेल!

कोडे जुनेच होते. १९५४ साली आर्मिटेज आणि डॉल यांनी दाखवले, की अनेक कर्करोगांचा मृत्युदर वयाच्या साधारण सहाव्या घाताने चढतो. वय दुप्पट झाले, तर दर ६४ पट. यावरून त्यांनी पेशी कर्करोगी होण्याचे सहा-सात टप्पे सुचवले. १९७१ साली नुडसन यांनी डोळ्यातल्या रेटिनोब्लास्टोमाचे ४८ रुग्ण अभ्यासले आणि तिथे दोन घाव, म्हणजे दोन उत्परिवर्तने, पुरतात असे मांडले. मग सहा खरे की दोन?

१९८१ साली मुळगावकर आणि नुडसन यांनी मिळून दिलेले उत्तर मला फार देखणे वाटते. पहिला घाव बसलेली पेशी दुसऱ्याची वाट पाहत स्वस्थ बसत नाही. ती विभागते, मरतेही. तिचे कुळ वाढले, की दुसरा घाव बसायला जागाही वाढतात. म्हणून दोनच घावांतूनही आलेख तसा उभा चढू शकतो.

समजण्यापुरते आकडे घेऊ. अशी पेशी वर्षाला १० च्या दराने विभागते आणि ९ च्या दराने मरते. दहातली नऊ कुळे आपोआप निर्वंश होतात. तरीही दहा वर्षांनी एका पेशीमागे सरासरी सुमारे २२,००० पेशी! मृत्युदर ९ वरून साडेनऊ करा, सरासरी १४८ वर येते. अर्ध्या आकड्याचा एवढा फरक काचपट्टीवर मला कधी दिसला नाही, दिसणारही नव्हता.

स्तनाच्या कर्करोगाचा आलेख पाळी कायमची थांबण्याच्या सुमारास का मंदावतो, लवकरच्या पहिल्या बाळंतपणाने धोका का घटतो, हेही १९८० साली मुळगावकर यांनी सहकाऱ्यांसह याच वाटेने, ऊतीची वाढ हिशेबात धरून, उलगडले. पुढे सिअ‍ॅटलच्या फ्रेड हचिन्सन केंद्रात कोलोरॅडो पठारावरच्या युरेनियम खाणकामगारांवर रेडॉन आणि धूम्रपान यांचा होणारा परिणाम त्यांनी अभ्यासला. २००२ साली सहकारी ल्युबेक यांच्यासह मोठ्या आतड्याच्या कर्करोगाकडे वळले, तेव्हा दोन टप्प्यांवर अडून न बसता अधिक टप्प्यांचे प्रतिमान स्वीकारले. या कारकिर्दीतली ही गोष्ट मला सर्वांत जवळची वाटते.

मित्रहो, जेवणाच्या पंगतीत आम्ही मुद्दाम एका गणित्याशेजारी एक डॉक्टर बसवला आहे. डॉक्टरांनी आपल्या रुग्णांची वये सांगावीत, गणित्यांनी कागद-पेन्सिल काढावी. वाढप्यांना सांगून ठेवले आहे, कोणालाही उठवायची घाई करू नका.