इंग्रजी आणि गणित : सवलत नको, शिक्षण हवे
(कर्वेनगर येथे पालकांपुढे दिलेले व्याख्यान)



मी खेड्यातील शाळामास्तर आहे. माझे शिक्षण मराठीत झाले, अध्यापक विद्यालयातील शिकवणही मराठीतच मिळाली, आणि गेली वीस वर्षे मी शेतकऱ्यांची, सुतारांची, शिंप्यांची मुले मराठीतच शिकवीत आलो. तेव्हा मी इंग्रजीची तरफदारी करू लागलो तर काहींना नवल वाटेल. पण माझे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घ्यावे, इतकीच विनंती आहे.

आरंभी माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. सातवीच्या वर्गात माझ्याजवळ एका सुताराचा मुलगा होता. हात कुशल, पण अपूर्णांक आला की घाम फुटे. मी त्याच्या बापाला म्हणालो, “दादा, ह्याला गणित झेपायचे नाही. रंध्याकडे लावा.” मला वाटले, मी दया केली. पुढे तोच मुलगा मोठा होऊन कर्जाचा कागद घेऊन माझ्याकडे आला. लाख रुपये, वर्षाची मुदत, व्याज ‘फ्लॅट’ शेकडा 12, हप्ता दरमहा 9,333. तो म्हणाला, “गुरुजी, बाराच टक्के म्हणजे स्वस्तच की!” मी त्याला मांडून दाखविले. मुद्दल दर महिन्याला फिटत जाते. वर्षाची सरासरी काढली तर वापरायला मिळते ती निम्म्याहून थोडी अधिक रक्कम. व्याज मात्र पुऱ्या लाखावर. खरा दर शेकडा 21 च्या वर जातो. तो गप्प बसला. मग एवढेच म्हणाला, “हे तेव्हा शिकवले असते तर!” त्या दिवशी मला कळले की माझी दया ही दया नव्हती, ती त्याच्या वाटेवर घातलेली धोंड होती.

अशी दया आपल्यावर पूर्वीही पुष्कळ झाली आहे. 1881 साली पुण्याच्या ‘मराठा’ पत्रात असे प्रतिपादन झाले, की कुणब्याच्या पोराला नांगरापासून आणि लोहाराच्या पोराला भात्यापासून सोडवून पुस्तकी विद्या दिली, तर ती त्याच्या उपयोगाची नाही. उलट तो बापाच्या धंद्याला हलका मानू लागेल. हा उपदेश छापला गेला तो इंग्रजी भाषेत! म्हणजे सांगणाऱ्याने इंग्रजी शिकावी आणि ज्याच्याविषयी सांगायचे त्याला ती वाचताही येऊ नये. ह्याच्या पुढच्याच वर्षी, 1882 साली, जोतीराव फुले ह्यांनी हंटर कमिशनपुढे निवेदन केले. त्यांनी गावच्या शाळेसाठी मोडी-बाळबोध लिहिणे-वाचणे, हिशेब, इतिहास-भूगोल आणि शेतीचे ज्ञान मागितले. जोतीराव स्वतः मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकले होते, म्हणूनच त्या कमिशनला त्यांना आपल्या लोकांची बाजू समजेल अशी मांडता आली.

आता ज्या जागी आपण बसलो आहोत तिचाच इतिहास पाहा. हे पूर्वीचे हिंगणे बुद्रुक. अण्णासाहेब कर्वे ह्यांनी 1896 साली काढलेला विधवांचा आश्रम 1900 साली येथे एका झोपडीत आणला. आरंभी तो उच्चवर्णीय विधवांसाठीच होता, आपल्या घरच्या लेकींना त्यात जागा नव्हती, हेही खरे आहे आणि ते विसरू नये. पण अण्णासाहेबांजवळ शिकण्यासारखे होते. मुरूडचा हा गरीब मुलगा सतराव्या वर्षी परीक्षेसाठी शंभर मैलांहून अधिक चालत साताऱ्यास गेला, आणि वयाने लहान दिसतो म्हणून परत लावला गेला. तोच पुढे 1891 साली फर्ग्युसन कॉलेजात गणिताचा प्रोफेसर झाला. त्या गणिताच्या पगारावर त्यांचा संसार चालला, म्हणून हे कार्य उभे राहू शकले. 1916 साली त्यांनी महिला विद्यापीठ काढले, तेव्हा शिक्षणाचे माध्यम मातृभाषा ठेविले. पण इंग्रजी हा विषय टाकून दिला नाही.

ह्याच आश्रमातील पार्वतीबाई आठवले ह्यांची गोष्ट ऐका. विसाव्या वर्षी वैधव्य आले तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत फिरताना इंग्रजीवाचून अडते हे त्यांनी जाणले, आणि 1918 साली, पंचेचाळिशी उलटल्यावर, त्या अमेरिकेस गेल्या. तेथे परक्यांच्या घरी घरकाम करून त्या इंग्रजी शिकल्या. धन्य ती बाई! पण जे पंधराव्या वर्षी शाळेत मिळावयाचे, त्यासाठी तिला साता समुद्रांपलीकडे भांडी घासावी लागली. आपल्या लेकींवर ही पाळी यावी काय?

आजची गोष्ट बोलतो. 2024 साली राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्यात सूचना आली, की दहावीत गणित व विज्ञान ह्या विषयांत 35 ऐवजी 20 गुण पडले तरी मुलास पुढे जाऊ द्यावे, मात्र दाखल्यावर तसा शेरा मारावा. पुढे त्याला हे विषय घेता येणार नाहीत. अकरावी-बारावीला इंग्रजी सक्तीची नको, असाही विचार मसुद्यात मांडला गेला. नापास होऊन पोर शाळा सोडते, ते थांबावे हा हेतू वाईट नाही. पण ही सवलत कोण घेईल? ज्याच्या घरी शिकवणीला पैसे आहेत तो घेणार नाही. घेईल आपले पोर. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन व्हायचे तर दहावीला गणित-विज्ञान हवे. पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत अंकगणित आहे. तलाठ्याच्या परीक्षेत गणित आहे आणि इंग्रजीही आहे. खालच्या कोर्टात मराठी चालेल, पण जमिनीचे भांडण हायकोर्टात गेले की घटनेच्या 348 व्या कलमाप्रमाणे कामकाज इंग्रजीत. बाप वकिलाच्या तोंडाकडे पाहत बसतो. त्याच्याच गुंठ्यांविषयी काय बोलणे चालले आहे ते त्याला कळत नाही.

कोणी म्हणेल, “मग मुलांना पहिलीपासून इंग्रजी माध्यमात घालावे काय?” नाही. जी भाषा घरात नाही तिच्यातून गणित शिकविले, तर भाषाही बुडते आणि गणितही बुडते. विचार मराठीत पक्का करावा आणि इंग्रजी हा विषय नेटाने शिकवावा. गणित तर आपल्या घरातच आहे. गवंडी गुण्या लावतो, दोरीने तीन, चार, पाच फूट मोजून काटकोन धरतो. ती भूमितीच होय. तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद म्हणजे गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर, हे शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. आम्ही मास्तरांनी तेथून आरंभ करावा, म्हणजे पोर बीजगणिताला भिणार नाही.

तेव्हा माझे मागणे दोन बाजूंना आहे. तुम्ही पालकांनी शाळेत येऊन विचारावे : गणिताला मास्तर आहे काय? इंग्रजी शिकविणाऱ्याला स्वतःला इंग्रजी येते काय? कच्च्या मुलांसाठी जादा तास होतो काय? आणि आम्ही मास्तरांनी “ह्याला झेपायचे नाही” हे वाक्य तोंडातून काढू नये. मी ते एकदा काढले. तो सुतार अजून मला “गुरुजी” म्हणून हाक मारतो, आणि प्रत्येक वेळी माझी मान खाली जाते.

त्याची मुलगी आता माझ्याच वर्गात आहे. तिचे अपूर्णांक कच्चे आहेत. शाळा सुटल्यावर मी तिला अर्धा तास थांबवून घेतो.