पानांतील सत्त्व आणि निर्धोक द्रावक



वाशीम जिल्ह्यांतील पोहरादेवीचें नांव घेतांच सेवालाल महाराजांचें समाधिस्थान आणि रामनवमीची यात्रा डोळ्यांपुढें उभी राहते. आज मात्र मी आपणांस देवळांत नव्हे, तर त्या मुलुखांतील एखाद्या अंगणांत नेणार आहे. तेथें शेवग्याचें झाड आहे. शेंगा बाजारांत जातात. पानें पुष्कळदां शेळ्यांस घालतात.

चिरलेलें वांगें काळें पडतें, तेल खवट होतें, तें प्राणवायूच्या क्रियेनें. त्या क्रियेस आळा घालणारीं द्रव्यें म्हणजे अँटिऑक्सिडंट. शेवग्याच्या पानांत क्वर्सेटिन, क्लोरोजेनिक आम्ल अशीं तीं असतात. प्रश्न एवढाच कीं, तीं बाहेर काढावयाचीं कशीं?

प्रयोगशाळेंत त्यासाठीं मेथिल अल्कोहोल सर्रास वापरतात. पण जें पोटांत गेल्यास दृष्टि जाते, तें अन्नाजवळ आणावें कशाला? म्हणून पाणी आणि उसाच्या मळीपासून होणारें एथिल अल्कोहोल यांचें मिश्रण पसंत करतात. नुसत्या पाण्यांत साखर व प्रथिनें उतरतात, नुसत्या अल्कोहोलांत हरितद्रव्य व मेण. मिश्रणांत इष्ट द्रव्यें बहुधा अधिक येतात. शिवाय अल्कोहोल ७८ अंश सेल्सिअसला उकळत असल्यामुळें तें परत मिळवितां येतें. पाण्यालाच कामास लावण्याची दुसरीहि युक्ति आहे. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेंतील दांडेकर व गायकर यांनीं पाण्यांत विशिष्ट क्षार मिसळून हळदींतील कर्क्यूमिन काढण्याची रीत २००३ सालीं प्रसिद्ध केली.

द्रावक ठरला तरी काम संपत नाहीं. काढा जितका आटवावा तितका गुणकारी, अशी आपली समजूत असते. उष्णतेनें पानांतील सत्त्व मोकळें होतें हें खरें. पण तीच उष्णता फार वेळ दिली तर तें नासतेंहि. किती वेळ द्यावा हें आंच किती यावर अवलंबून; म्हणून एकेक गोष्ट वेगळी बदलून पाहिल्यास फसगत होते. अल्कोहोलाचें प्रमाण, उष्णता व वेळ या तिन्हींच्या तीन-तीन पायऱ्या धरल्या तर प्रयोग होतात २७. बॉक्स व बेन्केन यांनीं १९६० सालीं सुचविलेल्या मांडणींत बारा प्रयोग आणि मध्यबिंदूची तीनदां पुनरावृत्ति, अशा १५ प्रयोगांत काम भागतें. परीक्षाहि सोपी: डीपीपीएच नांवाच्या द्रव्याचा जांभळा द्राव अर्क घालतांच पिवळा पडूं लागतो. ब्लॉइस यांनीं ही कसोटी १९५८ सालीं मांडली.

मात्र नळींतील रंग उडाला म्हणजे देहांतील रोग गेला, असें नव्हे. अर्काच्या बाटलीवर "हरित" हा शब्द दिसला तर आपण विचारावें: द्रावक कोणता, तो परत मिळविला काय, इंधन किती जळलें? शेवटच्या थेंबासाठीं दुप्पट सरपण जाळावें लागत असेल, तर तो थेंब पानांतच राहूं द्यावा. शेवग्याच्या पानांचें मोल अंगणाच्या धन्याच्या पदरांत पडावयाचें, तर कुठें थांबावें हें कळणेंच महत्त्वाचें आहे.