बरोबर कोण आहे?

पाच दिवस व्हिएन्नाला जाणार, असं मी सांगितलं तेव्हा घरी, शेजारी, बँकेत सगळीकडून एकच प्रश्न आला, ‘‘बरोबर कोण आहे?’’ ‘‘कोणी नाही,’’ म्हटलं की समोरच्याचा चेहरा काळजीचा व्हायचा. वयाच्या पंचावन्न वर्षांत मी कधी एकटी हिंडलेच नव्हते. आधी वडील, मग यजमान, ते गेल्यावर सहलीचा ग्रुप. ग्रुपबरोबर युरोप पाहिला, पण ‘दहा मिनिटांत फोटो काढा आणि बसमध्ये बसा’ अशा घाईत.

भीती होतीच, म्हणून तयारी नीट केली. विमान दिवसाउजेडी पोचेल असं निवडलं. मुक्काम मेट्रो स्टेशनजवळ घेतला. पासपोर्ट-व्हिसाच्या प्रती वेगळ्या ठेवल्या, पैसे दोन ठिकाणी. मदतीचा ११२ हा नंबर पाठ केला. रोज रात्री मुलीला निरोप द्यायचा, हे ठरवलं.

तरीही पहिल्या संध्याकाळी तीन हॉटेलांच्या दारापर्यंत गेले आणि परत फिरले. काचेतून सगळीकडे जोडपीच दिसत होती. खोलीवर येऊन घरून नेलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या खाल्ल्या. खरं सांगते, रडू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धीर करून एका जुन्या कॉफीहाउसमध्ये शिरले. ‘मेलान्ज’ म्हणजे दुधाची, फेसाळ कॉफी मागवली. छोट्या तबकात कॉफी आली, शेजारी पाण्याचा ग्लास. वर्तमानपत्रं लाकडी दांड्यांना लावून ठेवलेली. आजूबाजूला कितीतरी माणसं एकेकटीच बसलेली, त्यांत माझ्या वयाच्या बायकाही. एका कॉफीवर तासभर बसा, कोणी उठवत नाही. बिलसुद्धा मागितल्याशिवाय येत नाही. २०११ मध्ये ऑस्ट्रियानं ही कॉफीहाउसची रीत आपल्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंदवली आहे. मला मात्र ती त्या दिवशी माहेरासारखी वाटली.

मग भीड चेपली. शहराची जुनी तटबंदी पाडून एकोणिसाव्या शतकात रिंगस्ट्रासे हा प्रशस्त रस्ता बांधला. त्याच्या कडेनं ट्रामनं हिंडले. कला-इतिहास संग्रहालयात ब्रूगेलचं १५६५ सालचं ‘बर्फातले शिकारी’ हे चित्र आहे. त्याच्यासमोर पाऊण तास बसले. ‘चला’ म्हणणारं कोणी नव्हतं. आपल्याला काय आवडतं, हे मला इतक्या वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

स्टेट ऑपेरात उभं राहून पाहायची स्वस्त तिकिटं मिळतात. रांगेत राहून आत गेलं की समोरच्या कठड्याला रुमाल किंवा स्कार्फ बांधून जागा धरायची, अशी तेव्हा रीत होती. मी ओढणी बांधली आणि हसूच आलं. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्यांना हे काय शिकवणार! शेजारच्या आजींनी भाषांतर दाखवणारा छोटा पडदा कसा लावायचा ते खुणेनं सांगितलं. रात्री मेट्रोनं परतले, तेव्हा डब्यात हातात कार्यक्रमपत्रिका घेतलेल्या आणखीही बायका होत्या.

ही निर्धास्ती आपोआप आलेली नाही. बायका कुठून चालतात, कुठे अंधार लागतो, मुलींना बागेत जागा मिळते का, याचा विचार या शहराच्या नियोजनात १९९०च्या दशकापासून होत आला आहे. अर्थात, खिसेकापू तिथेही असतात. गर्दीत पर्स पुढे धरावी आणि एखादी गल्ली मनाला पटली नाही, तर सरळ मागे फिरावं. त्यात कमीपणा नाही.

माझ्यासारख्या ज्या मैत्रिणी ऐकत असतील, त्यांना एकच सांगते. लगेच परदेशी जायला हवं असं नाही. पुण्याला परत आल्यावर मी आमच्या कोपऱ्यावरच्या हॉटेलात गेले, एकटीनं टेबल धरलं आणि मसाला डोसा मागवला. वेटरनं विचारलं, ‘‘ताई, अजून कोणी येणार आहे?’’ ‘‘नाही,’’ म्हटलं, ‘‘मी एकटीच आहे.’’ हे वाक्य म्हणायला व्हिएन्नापेक्षा जास्त धीर लागला. डोसा मात्र फार चवीनं खाल्ला.