काकूंच्या नावाची ओवाळणी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला बोलण्याची सवय नाही. हिशेब वाचून दाखवणे निराळे आणि भाषण करणे निराळे. त्यातून माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. शब्द मागेपुढे झाले तर सांभाळून घ्यावे.

आपल्या काकूंना जाऊन आता वर्ष होईल. त्यांच्या स्मरणार्थ काय करावे, यावर आपण तीन बैठका घालवल्या. कोणी म्हणाल्या, सभागृहाला दोन पंखे द्यावे. कोणी म्हणाल्या, बागेत बाक ठेवावा. पंख्यावरचे नाव कोण मान वर करून वाचणार, असे मी बोलून गेले आणि ते काहीजणींना लागले. त्याबद्दल क्षमा मागते. मत मात्र तेच आहे.

माझा भाचा अमेरिकेत असतो. त्याला फोनवर ही हकीकत सांगितली तर तो म्हणाला, "मावशी, इकडे यासाठी गोल्फ खेळतात." मला हसूच आले. मोठ्या हिरवळीवर लहानसा चेंडू काठीने मारत मारत अठरा खळग्यांत घालायचा, असा तो खेळ. गेलेल्या माणसाच्या नावाने एक दिवस ठरवतात. खेळणारे फी भरतात, दुकानदार पैसे देऊन एकेका खळग्यापाशी आपली पाटी लावतात, शेवटी सगळे मिळून जेवतात. खर्च वजा जाता जे उरेल ते, शाळा अर्धवट सुटलेल्या मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती म्हणून देतात. खेळ राहू द्या बाजूला. 'मोठ्या वयाचे विद्यार्थी' हे शब्द मात्र माझ्या मनातून जाईनात.

त्याला कारण आहे. काकू गेल्यावर मंडळाची वही घ्यायला मी त्यांच्या घरी गेले, तेव्हा वहीत एक कागद निघाला. दहावीला बाहेरून बसण्याचा, सतरा नंबरचा तो अर्ज. त्यावर काकूंचा फोटो चिकटवलेला, नाव स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलेले. फी भरल्याची पावती मात्र कुठे नव्हती. सूनबाईंना विचारले तर त्या रडू लागल्या. म्हणाल्या, "आम्हांला एका शब्दाने बोलल्या असत्या तर!"

भगिनींनो, ज्या बाईने आपल्या मंडळाचे हजारो रुपये सांभाळले आणि एका पैशाची चूक होऊ दिली नाही, मला जमाखर्च शिकवला, तिला घरात परीक्षेची फी मागता आली नाही. घर काही गरीब नव्हते, आणि माणसेही वाईट नव्हेत. पण सुनेच्या हाती संसार दिल्यावर, वयाच्या साठीत, 'मला दहावीला बसायचे आहे, पैसे द्या' हे वाक्य तोंडातून निघत नाही. आपल्यापैकी कितीजणींच्या तोंडून निघेल?

म्हणून माझे म्हणणे असे की नुसता निधी काढून चालणार नाही. तो मागावा लागू नये, अशी सोय पाहिजे. ही सोय महर्षी कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेने शंभर वर्षांमागेच काढली होती. भाऊबीज निधी तिचे नाव. कार्यकर्ते दारोदार जात आणि संस्थेतील बहिणींसाठी ओवाळणी मागत. ओवाळणीत उपकार नसतो, ती बहिणीच्या हक्काची असते. त्याच संस्थेसाठी पार्वतीबाई आठवले गावोगाव हिंडून वर्गणी जमवीत. त्या स्वतः विधवा झाल्यावर, एका मुलाची आई असताना शिकू लागल्या, आणि 1918 साली, वयाच्या 48 व्या वर्षी, इंग्रजी शिकायला अमेरिकेला गेल्या. तेथे लोकांच्या घरची कामे करून त्यांनी पोट भरले. लांब कशाला, आपल्या नागपुरात कमलाताई होस्पेट यांनी बालवयातले वैधव्य सोसून परिचारिकेचे शिक्षण घेतले आणि 1921 साली मातृसेवा संघ उभा केला. या शहरातल्या कित्येक मुलांनी पहिला श्वास तेथे घेतला आहे. माझी थोरली त्यांतलीच.

"या वयात शिकून कोणती नोकरी लागणार?" असे मागे एकजण म्हणाल्या. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी 2016 च्या महिला दिनाला आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी लुगडी नेसून साठी-सत्तरीच्या बाया तेथे मुळाक्षरे गिरवू लागल्या. त्यांना कोणती नोकरी हवी होती?

आता माझी स्वतःची गोष्ट, कारण ती लपवून पैसे मागणे बरे दिसत नाही. आमच्या गावची शाळा सातवीपर्यंत होती. पुढची शाळा चार कोसांवर, आणि घरात सायकल एकच. ती भावाला मिळाली. मी रागावले नाही, कारण तेव्हा ते तसेच असते असे वाटे. गेल्या महिन्यात त्याला फोन केला आणि या निधीची पहिली ओवाळणी त्याच्याजवळ मागितली. तो बराच वेळ गप्प राहिला. मग अकराशे रुपये पाठवले आणि वर लिहिले, 'सायकलीचे.' ते पैसे जमेला धरले आहेत. यंदा सतरा नंबरचा अर्ज मीही भरणार आहे. माझी फी मात्र मी शिवणाच्या पैशांतून भरीन. खजिनदाराने आपल्याच पेटीतून घेणे शोभत नाही.

निधीचे नियम थोडे आहेत. नावे फक्त अध्यक्षबाईंना ठाऊक राहतील. फी परस्पर भरली जाईल, पुस्तके मंडळातून मिळतील, आणि परीक्षेच्या दिवसांत त्या घरचा एका वेळचा डबा आपण पाळीपाळीने पोचवू. नापास झाली तर दुसऱ्यांदाही फी भरायची. यावर कार्यकारिणीत वाद झाला, पण ठराव झाला.

ओवाळणीचे ताट दाराशी ठेवले आहे. ज्यांना आज जमणार नाही त्यांनी भाऊबीजेनंतर दिले तरी चालेल. शिवाय आपण निधीसाठी सांबारवड्या करून विकणार आहोत. दोनशे वड्यांची मागणी आतापर्यंत आली आहे. सांबार निवडायला शुक्रवारी दुपारी तीनला माझ्याकडे यावे, आणि येताना आपापली विळी आणावी. माझ्याकडे दोनच आहेत.