भरून घेतलेली कॅसेट

(नांदेड येथील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



आज मी गाण्यांविषयी बोलणार आहे. हा विषय या व्यासपीठाला शोभत नाही असे काहीजणींना वाटेल. मलाही वाटत होते.

मागच्या महिन्यात लोह्याहून काळीपिवळीने नांदेडला येत होते. मांडीवर तीन प्रकरणांच्या फाइली. ड्रायव्हरने 'तेरे नाम'ची गाणी लावली आणि सदतिसाव्या वर्षी मी एकदम दहावीच्या वर्गात जाऊन बसले. हा चित्रपट २००३ सालचा. त्या वर्षी शिकवणीतल्या एका मुलाने मला नव्वदची कॅसेट भरून दिली होती. एवढेच आमचे प्रेम. बोलणे दोनदा झाले, तेही वहीच्या निमित्ताने. रात्री मी आवाज इतका बारीक करायची की गाण्यापेक्षा टेपची घरघरच जास्त ऐकू यायची. एका चुलतभावाला ती कॅसेट सापडली. त्याने फीत उपसून बाहेर फेकली. ती बाभळीला अडकून कितीतरी दिवस चमकत होती. माझी शिकवणी बंद झाली, त्या मुलाची झाली नाही. आमची जात वेगळी आहे हे मला घरातल्या आरडाओरड्यातूनच कळले.

मानसशास्त्राचे अभ्यासक सांगतात की साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी माणसाला उतारवयातही जास्त येतात, आणि त्या वयात ऐकलेली गाणी त्यांना चटकन जागे करतात. पण आपल्याकडे बाईने ती आठवण सांगायची कुणाला?

तेव्हापासून मी गटाच्या बैठकीत विचारू लागले, "तुझं गाणं कोणतं?" आधी सगळ्या हसतात. मग पन्नाशीच्या आसपासच्या बाया 'मैंने प्यार किया', 'आशिकी' अशी नावे घेतात. स्वस्त कॅसेटी गावोगाव पोचल्याचा तो काळ.

औसा तालुक्यातली एक ताई मात्र हसली नाही. तिच्या परवानगीने सांगते. २९ सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनाची रात्र. ती चौदा वर्षांची. मिरवणुकीत कर्ण्यावर गाणी चालली होती आणि तो झांज घेऊन पुढे होता. तिच्या दारासमोर तो थोडा जास्त वेळ थांबला. ३० तारखेच्या पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती झोपलेल्या माणसांवर आल्या. तो गेला. तिचा धाकटा भाऊही गेला. भावासाठी ती सगळ्यांसमोर रडली. दुसऱ्यासाठी रडायला तिला कोणते नाते होते? दोन वर्षांत लग्न झाले. "ते गाणं लागलं की मी रेडिओ बंद करते ताई. मालकाला वाटतं, मला गाण्याची आवडच नाही."

एकतीस-बत्तीस वर्षांनी ती त्या मुलासाठी पहिल्यांदा रडली, आमच्या सतरंजीवर.

आता एक अवघड गोष्ट. माझ्या त्या लाडक्या चित्रपटात नायक नायिकेला पळवून नेतो आणि मग तिचे त्याच्यावर प्रेम बसते. आज अशी तक्रार घेऊन मुलगी आली, तर मी तिला पोलीस ठाण्यात नेईन. तरी गाणे लागले की माझ्या पोटात हलतेच. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि मला त्यातली एकही लपवायची नाही. मला आठवतो तो नायक नव्हे, तर वहीत कॅसेट ठेवून मान खाली घालून निघून गेलेला मुलगा.

गेल्या आठवड्यात एक वडील मुलीचा मोबाइल पुरावा म्हणून घेऊन आले. "बघा ताई, कसली गाणी ठेवती." मुलगी सोळाची, स्थळ बघणे सुरू. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयाच्या शंभरातल्या जवळजवळ बावीस बायांची लग्ने अठराच्या आत झालेली होती, तेव्हा मला यात नवल नव्हते. अठराच्या आत लग्न लावणे गुन्हा आहे, हे आधी स्पष्ट सांगितले. मग विचारले, "दादा, लग्नाआधी तुम्ही कोणतं गाणं म्हणायचे?"

ते बराच वेळ गप्प बसले. मग हळूच एका चित्रपटाचे नाव घेतले. मुलगी त्यांच्याकडे बघतच राहिली. मोबाइल मी तिच्या हातात दिला. पुढच्या मंगळवारी दोघे पुन्हा यायचे आहेत.