वारसा आणि संधी

(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेले भाषण)



बडोद्यात वारशाविषयी बोलायचे तर सयाजीराव महाराज आठवणारच. नाशिककडच्या कवळाणे गावातला, शेतकऱ्याच्या घरचा गोपाळ १८७५ साली दत्तक आला आणि बाराव्या वर्षी गादीवर बसला. हे निव्वळ नशीब! पण महाराजांनी ते स्वतःपुरते ठेवले नाही. १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये साऱ्या संस्थानात त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. १९१३ मध्ये बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले तेही बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर.

मी स्वतःला मेहनती समजत आलो. पण आजोबांचे घर होते, भाडे भरावे लागत नव्हते, म्हणून वडिलांना माझी फी भरता आली. आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींचा मुलगा माझ्याच वर्गात होता. गणितात माझ्यापुढे. दहावीनंतर तो गॅरेजमध्ये लागला, मी इंजिनिअर झालो. फरक बुद्धीचा नव्हता.

वारशाच्या मालमत्तेवरचा १९५३ चा कर सरकारने १९८५ मध्ये रद्द केला. म्हणजे आता वाटा काढायचा तो आपणच, मनापासून.

आजोबांचे घर आज माझ्या नावावर आहे. त्यातल्या एका खोलीचे वर्षाचे भाडे मी मंडळाकडे देत आहे, एका विद्यार्थ्याच्या फीसाठी. तो मराठीच हवा, अशी अट नाही. मुलाबाळांसाठी जरूर ठेवा. पण शेजारच्या मुलालाही शर्यतीत उभे राहू द्या.

गणपती बाप्पा मोरया!