चाकातल्या हवेचा पिवळा दिवा

नांदेडहून लोहा-अहमदपूरमार्गे लातूरला निघालात आणि हिवाळ्याच्या पहाटे गाडीत हवेचा पिवळा दिवा लागला, तर लगेच पंक्चर समजू नका. तापमान १० अंशांनी उतरलं की चाकातला दाब साधारण २ पीएसआयने घटतो. गाडी ३ तास उभी राहिल्यावर, टायर थंड असतानाच हवा तपासा. योग्य आकडा बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेला असतो. दिवा मिनिटभर लुकलुकून मग तसाच राहिला, तर दोष हवेत नाही, चाकातला दाब मोजणाऱ्या सेन्सरच्या यंत्रणेत आहे. सेन्सरची बॅटरी साधारण ५ ते १० वर्षं टिकते. ती संपली की बहुतेकदा सेन्सरच बदलावा लागतो. टायर उतरवण्याआधी व्हॉल्व्हजवळ सेन्सर आहे, हे कारागिराला आवर्जून सांगा.